राख चिकटण्याआधी : बॉयलरवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

खानापूरच्या वीटभट्टीवर कधी गेला असाल तर खंगर पाहिला असेल. आच जास्त लागते तिथल्या विटा वितळून एकमेकींना चिकटतात, काळपट काचेसारख्या दिसतात आणि पहार मारली तरी सुट्या होत नाहीत. निपाणी-चिकोडीकडच्या गुऱ्हाळात चुलवाण थंड झाल्यावर राख ओढताना जळव्याच्या फावड्याला तसलेच खडे लागतात. वजनाला हलके, पण कडेनं बोट कापेल असे. बॉयलरमध्ये राख साचते म्हणजे काय, हे समजायला एवढी ओळख पुरे. तिथं हा खंगर पाण्याच्या आणि वाफेच्या नळ्यांवर बसतो, आणि तो भट्टी चालू असतानाच आवरावा लागतो.

आपल्या सीमाभागातली बरीच मुलं आयटीआय किंवा डिप्लोमा करून बॉयलरवर लागतात. कुणी अथणी, रायबाग, चिकोडी भागातल्या साखर कारखान्यांच्या को-जनरेशनवर, म्हणजे चिपाड जाळून कारखान्याला वाफ आणि वीज देणाऱ्या बॉयलरवर, कुणी रायचूरच्या शक्तिनगरला, कुणी बळ्ळारीजवळ कुडतिनीला, तर कुणी विजयपूर जिल्ह्यातल्या कुडगीला. शाळा मराठीत झालेली, आयटीआय कन्नड-इंग्रजीत, बॉयलरचं मॅन्युअल इंग्रजीत आणि सुरक्षेचे फलक कन्नडमध्ये. पहिल्या महिन्यात कुणी ‘बूदी हिडदैती’ म्हणून ओरडलं तर राख धरली आहे एवढं कळतं. पण कुठं धरली, का धरली आणि आता काय करायचं, हे कुणी बसून सांगत नाही. मी को-जनच्या बॉयलरवर सुरुवात केली, मधली काही वर्षं औष्णिक केंद्रात देखभालीच्या कामावर काढली आणि परत को-जनवर आलो. जे मला उशिरा कळलं ते तुम्हाला आधी कळावं म्हणून हे लिहितोय.

आधी राखेचा आवाका ध्यानात घ्या. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर चालतो तेव्हा एका युनिट विजेला साधारण ०.७ किलो कोळसा धरला, तर ताशी १४७ टन कोळसा जळतो. त्यात ३५ टक्के राख म्हणजे दर तासाला ५१ टन, दहा टनी ट्रक पाच. यातला सुमारे पाचवा हिस्सा खाली भट्टीच्या हॉपरमध्ये, म्हणजे राख झेलणाऱ्या नरसाळ्यात, पडतो, बाकीची राख जळून निघालेल्या गॅसबरोबर सगळ्या नळ्यांना घासत मागं जाते. त्या प्रवाहातली चिमूटभर जरी रोज चिकटली, तरी महिन्याभरात काय होईल याचा अंदाज बांधा.

पायरी १ : राख कुठं आणि कशी चिकटते ते समजून घ्या

कोळशाचा भुगा भट्टीत जळतो तेव्हा ज्वालेच्या गाभ्यात १४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान असतं. तिथं राखेचे कण मऊ होतात, काही चक्क वितळतात. भिंतीच्या नळ्यांत पाणी असतं, त्यामुळं नळीचा पृष्ठभाग त्या मानानं पुष्कळच थंड. कण नळीपर्यंत पोचण्याआधी घट्ट झाला तर आपटून उडतो. अजून चिकट असला तर बसतो. हे स्लॅगिंग. भट्टीच्या भिंतींवर, बर्नरच्या आसपास आणि भट्टीच्या डोक्यावरच्या सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या, पहिल्या पडद्यांवर ते होतं.

यातली खरी मेख अशी : पहिला थर नुसत्या पावडरीचा असतो, हात लावला तर झडेल असा. पण राख उष्णता फार कमी वाहून नेते. थर जाड होत जातो तशी त्याची बाहेरची बाजू नळीच्या गारव्यापासून तुटते आणि तापत जाते. एका जाडीनंतर ती स्वतःच मऊ पडते, आणि मग उडून येणारा प्रत्येक कण ती धरून ठेवते. म्हणजे राखच राखेला बोलावते. म्हणून पावडरीचा थर आज झाडणं सोपं असतं आणि चार दिवसांनी तोच काढायला भट्टी बंद करावी लागते.

दुसरा प्रकार फाउलिंग. हे मागं, सुपरहीटर आणि रिहीटरच्या (टर्बाइनमधून परत आलेली वाफ पुन्हा तापवणाऱ्या) नळ्यांच्या जुडग्यांत होतं. इंधनातलं सोडियम, पोटॅशियम भट्टीत वाफ होऊन उडतं आणि मागच्या थंड नळ्यांवर पुन्हा घट्ट होतं. त्याचा डिंकासारखा पातळ थर बसतो, त्यावर उडती राख चिकटते. इथं नळ्यांमधल्या फटी अरुंद असतात, त्यामुळं दोन नळ्यांवरचे थर वाढून एकमेकांना भिडतात आणि गॅसची वाट बंद होते. त्याच्याही मागं बॉयलरला येणारं पाणी तापवणारा इकॉनॉमायझर, तिथं बहुतेक सुटी धूळ. शेवटी भट्टीला जाणारी हवा तापवणारा एअर हीटर, तिथली तऱ्हा वेगळी. ते पुढं सांगतो.

पायरी २ : आज काय जळतंय ते विचारा

शिफ्टवर आल्यावर पहिला प्रश्न लोडचा विचारतात. मी म्हणेन, इंधनाचा विचारा. कोळसा कुठल्या खाणीचा, आयात कोळसा मिसळलाय का, किती, बगॅस (उसाचं चिपाड) किती, पाचट किती.

आपल्या देशी कोळशात राख भरपूर, ३० ते ४५ टक्के. पण त्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना जास्त, लोह, कॅल्शियम, सोडियम कमी. त्यामुळं ती उशिरा वितळते. देशी कोळशाचा त्रास चिकटण्यापेक्षा नळ्या घासून झिजवण्याचा अधिक. बाहेरून येणाऱ्या काही कोळशांत राख जेमतेम ५ ते १० टक्के. नवा माणूस म्हणतो, राख कमी म्हणजे काम कमी. तसं होत नाही. त्यातल्या काहींच्या राखेत लोह आणि कॅल्शियम जास्त असतं आणि ती लवकर मऊ पडते. थोडी राख, पण गुळासारखी चिकट.

आणि मिश्रणाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दोन कोळशांच्या मिश्रणाची राख दोघांच्या सरासरीवर वितळेल असं धरून चालू नका. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची सोल्डरिंगची तार आठवा. कथील वितळतं २३२ अंशांना, शिसं ३२७ अंशांना, पण दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळले की १८३ अंशांनाच वितळतात. राखेतही असं होऊ शकतं. वेगवेगळे चांगले वागणारे दोन कोळसे एकत्र आल्यावर भिंती माखतात, ते यामुळं.

प्रयोगशाळेच्या कागदावर राख वितळण्याचे चार आकडे असतात. राखेचा छोटा सुळका करून तापवतात. टोक गोल व्हायला लागतं ते पहिलं तापमान, मग मऊ होण्याचं, मग अर्धगोलाचं, शेवटी वाहण्याचं. तुमच्या कामाचं पहिलं. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या गॅसचं तापमान या आकड्यापेक्षा निदान ५० अंशांनी खाली राहायला हवं. चाचणी दोन प्रकारच्या हवेत केलेली असेल तर त्यातला कमी आकडा धरा. कारण पायरी ३ मध्ये येईल.

को-जनवाल्यांसाठी थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडची बहुतेक पोरं तिथंच लागतात. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं आणि राख अगदी थोडी, दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. मिलमध्ये उसावर पाणी मारून रस काढतात तेव्हा पोटॅशही बरंचसं रसाबरोबर निघून जातं. पाचट मात्र मिलमधून जात नाही. शेतातलं पोटॅश आणि क्लोरीन तसंच घेऊन ते थेट भट्टीत येतं, आणि सुपरहीटरवरचा डिंक त्यातूनच तयार होतो. शिवाय पावसात तुटलेला ऊस दूधगंगा-वेदगंगेच्या, कृष्णेच्या काठची काळी माती मुळाला घेऊन येतो. बगॅसच्या राखेत अचानक वाळू-माती वाढली तर तो दोष बॉयलरचा नसतो. पाचट जाळायलाच नको असं मी म्हणत नाही. पण ते एकदम न टाकता मोजून, पसरून टाका. कोळशाबरोबर थोडं थोडं जळलं तर देशी कोळशाच्या राखेतलं ॲल्युमिना-सिलिका पोटॅशला बऱ्यापैकी बांधून ठेवतं. नुसत्या पाचटाचे ढीग ढकलले की सुपरहीटर माखलाच म्हणून समजा. औष्णिक केंद्रांनाही २०२१ च्या धोरणापासून कोळशात बायोमासचे पेलेट मिसळावे लागतात, तेव्हा तिकडं जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

पायरी ३ : हवा. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

राख चिकटली की सगळे सूट ब्लोअरकडं, म्हणजे वाफेच्या झोतानं राख झाडणाऱ्या यंत्राकडं, धावतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा दुखणं हवेत असतं.

राखेतल्या लोहाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर ती राख उशिरा वितळते. हवा कमी पडली की तेच लोह वेगळ्या रूपात राहतं आणि राख लवकर मऊ पडते. लोह जास्त असलेल्या राखेत हा फरक शंभर अंशांच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे कोळसा तोच, लोड तेच, फक्त एका कोपऱ्यात हवा कमी पडली आणि तिथली भिंत माखली. वर म्हटलं की चाचणीतला कमी आकडा धरा, ते याचसाठी. भट्टीत कुठं ना कुठं हवा कमी असलेला खिसा असतोच.

आणि इथंच फसायला होतं. पॅनेलवर ऑक्सिजन ३.५ टक्के दिसतो, सगळं ठीक वाटतं. तो आकडा भट्टी संपल्यावर, सगळा गॅस मिसळल्यावरचा असतो. एका बर्नरला हवा जास्त आणि दुसऱ्याला कमी असली तरी सरासरी छान दिसते. त्यातच मागच्या डक्टला कुठं भोक असलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर भट्टीत नसलेला ऑक्सिजन दाखवतो. म्हणून डावा-उजवा असे दोन्हीकडचे आकडे बघा. कार्बन मोनॉक्साइडचा मीटर असेल तर तो बघा. मॅनहोल आणि जोडाच्या फटी हाताच्या पंज्यानं, नाहीतर आवाजानं शोधा, हवा शोषल्याचा सुस्कारा ऐकू येतो.

भुग्याच्या बॉयलरवर असाल तर कोळसा दळणाऱ्या मिलची बारीकी तपासा. साधारण ७० टक्के भुगा २०० मेशच्या, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जायला हवा, आणि ५० मेशवर २ टक्क्यांहून जास्त राहू नये. जाडे कण उशिरा जळतात, जळत जळत वर सुपरहीटरपर्यंत जातात किंवा समोरच्या भिंतीवर आपटतात. जिथं जळता कण आपटतो तिथं हवा कमी आणि आच जास्त, म्हणजे खंगराला हवं ते सगळं तिथं हजर. बर्नरचं टोक जळून वाकडं झालं असेल, ज्वाला एका बाजूला झुकत असेल, तर त्याची नोंद आजच करा. मिलमधून बर्नरकडं जाणाऱ्या पाइपांपैकी एकात कोळसा जास्त जातोय का, हेही विचारा.

ग्रेटच्या, म्हणजे खालच्या जाळीवर इंधन जाळणाऱ्या, बॉयलरवर दुखणं दुसरं. बगॅस एका बाजूला ढिगानं पडतो, तिथून हवा वर येत नाही, आणि उघड्या पडलेल्या बाजूनं नुसतीच हवा घुसते. ढिगाखाली खंगर तयार होतो. फीडरची फेक बघून थर सारखा करा, तेवढ्यानं बरंच काम होतं. फ्लुइडाइज्ड बेडवर, म्हणजे खालून हवा सोडून खळखळत ठेवलेल्या वाळूच्या थरावर इंधन जळतं तिथं, बेडचं तापमान ८५०-९०० अंशांच्या पट्ट्यात ठेवा. एखादाच थर्मोकपल (तापमान मोजणारी काडी) बाकीच्यांपेक्षा वर किंवा खाली सरकायला लागला तर तिथला बेड हलायचा थांबलाय असं समजा आणि लगेच सांगा.

पायरी ४ : डोळ्यांनी बघा

पॅनेलवरून भट्टी कळत नाही. प्रत्येक शिफ्टला निदान एकदा, जमलं तर दोनदा, पीप होलमधून आत बघा. आधी पॅनेलला कळवा. सूट ब्लोअर चालू नाही आणि ड्राफ्ट उणे आहे, म्हणजे भट्टीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी आहे, याची खात्री करा. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, निळी काच, हातमोजे. झडप उघडताना बाजूला उभे राहा, मग सावकाश नजर आत न्या. वरून क्लिंकर (खंगराचा तुकडा) पडला तर क्षणभर भट्टीचा दाब उलटतो आणि त्या भोकातून ज्वाला बाहेर येते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. समोर चेहरा नव्हता म्हणून निभावलं.

आत काय बघायचं? स्वच्छ भिंतीवर नळ्यांच्या उभ्या रेघा दिसतात, काळपट. पावडर बसलेली भिंत पांढुरकी, निस्तेज, रेघा बुजलेल्या. आणि जिथं चिकट थर आहे तिथं ओलसर चमक असते. एका रात्रपाळीला आमच्याकडच्या अण्णांनी, म्हणजे जुन्या फायरमननी, मला मागच्या कोपऱ्यात बोट दाखवून सांगितलं, “काकवी बघ.” बर्नरच्या वरच्या बाजूला भुवईसारखा जाड ओठ आला होता आणि त्याच्या कडेवरून नारिंगी थेंब लांबत लांबत, अगदी काहिलीतून उलथन्यावर उचललेल्या काकवीसारखा, खाली येत होता. तुटला, पडला, दुसरा लोंबायला लागला. सरासरी ऑक्सिजन त्या रात्रीही व्यवस्थित होता. सकाळी त्या कोपऱ्याची सेकंडरी हवेची डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, तपासली तर दांडा फिरत होता, आतली पट्टी हलतच नव्हती.

ज्वालाही बघा. टोकं काळी, धुरकट असतील तर तिथं हवा कमी. ज्वाला भिंत चाटत असेल तर ती जागा वहीत लिहा, चित्र काढा. अक्षर-चित्र वाईट असलं तरी चालतं.

पायरी ५ : वही वाचायला शिका

माझ्या आयुष्यातली सगळ्यात महागडी शिकवण इथली आहे. एका हंगामात आमच्या भागातल्या एका कारखान्यात मी शिफ्टवर होतो. बगॅस कमी पडला म्हणून पाचट वाढवलं होतं. पंधरा-सोळा दिवसांत सुपरहीटर इतका तुंबला की आयडी फॅन (भट्टीतला गॅस ओढून चिमणीकडं ढकलणारा पंखा) पूर्ण उघडूनही भट्टी दाब धरायला लागली, दारांच्या फटीतून धूर यायला लागला, आणि बॉयलर बंद करावा लागला. तीन दिवस. गेटबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, गाड्यांत ऊस वाळतोय, टोळीतली माणसं बैलांसकट रस्त्याकडेला थंडीत. त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

नंतर वही काढून बसलो. सुपरहीटरवरचा ड्राफ्टचा फरक रोज थोडा थोडा चढत होता. प्रत्येक शिफ्टनं आयडी फॅनची डँपर दोन-तीन टक्के उघडून भट्टी जाग्यावर आणली होती आणि ‘नॉर्मल’ लिहिलं होतं. त्यात माझ्याही सह्या होत्या. कुणीच खोटं लिहिलं नव्हतं. फक्त काल-परवाचं पान कुणी उलटलं नव्हतं. बॉयलर राख लपवत नाही. आपण दुसरीकडं हात फिरवून ती झाकतो.

म्हणून शिफ्ट हातात घेताना हे आकडे सात दिवस मागं जाऊन, सारख्याच लोडवरचे, शेजारी शेजारी लावा : सुपरहीटर आणि इकॉनॉमायझर यांच्या अलीकडचा-पलीकडचा ड्राफ्ट, आयडी फॅनचे अँपिअर आणि डँपर, डिसुपरहीटरला (वाफेवर पाण्याचा फवारा मारून तिचं तापमान आवरणाऱ्या भागाला) जाणारं पाणी, इकॉनॉमायझरनंतरचं आणि चिमणीकडं जाणाऱ्या गॅसचं तापमान. सगळे मिळून गोष्ट सांगतात. भट्टीच्या भिंती माखल्या तर भट्टीत उष्णता कमी घेतली जाते, जास्त गरम गॅस सुपरहीटरकडं जातो, वाफेचं तापमान चढतं, आणि ते आवरायला फवाऱ्याचं पाणी वाढतं. फवारा वाढतोय पण ड्राफ्टचा फरक तसाच आहे, म्हणजे भिंती बघा. उलट ड्राफ्टचा फरक चढतोय आणि वाफ हवी तेवढी तापत नाही, म्हणजे सुपरहीटरच माखलाय. डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा एकमेकांपासून लांब जायला लागले तर एकाच बाजूचं दुखणं.

चिमणीच्या तापमानाचा हिशेब तर तोंडपाठ असू द्या. गॅस २२ अंश जास्त गरम बाहेर गेला की कार्यक्षमता जवळपास १ टक्क्यानं उतरते. नळ्यांवर ३ मिलिमीटर काजळी बसली तर इंधन अडीच टक्क्यांनी वाढू शकतं. वरच्या २१० मेगावॅटच्या संचाला १ टक्का जास्त कोळसा म्हणजे दिवसाला ३५ टन.

पायरी ६ : सूट ब्लोअर चालवा, पण नीट

ब्लोअर म्हणजे वाफेचा झोत. भिंतींना आखूड वॉल ब्लोअर, सुपरहीटरला लांब आत जाणारा लॅन्स, इकॉनॉमायझरला जागेवर फिरणारा. बऱ्याच ठिकाणी शिफ्टला एकदा सगळे चालवायची पद्धत आहे. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण पायरी ५ चे आकडे जिथं बोट दाखवतात तिथं जास्त आणि स्वच्छ जागी कमी, हे खरं कौशल्य. स्वच्छ नळीवर रोज झोत मारला तर राखेऐवजी नळीच झिजते.

सुरू करण्याआधी लोड स्थिर असू द्या, ज्वाला भक्कम असू द्या. लोड फार खाली असताना झोत मारला तर ज्वाला हलते. किती लोडखाली चालवायचा नाही, ते तुमच्या बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पॅनेलला सांगा, भट्टीचा ड्राफ्ट थोडा जास्त उणे घ्या. मग वाफेची लाइन तापवा. ड्रेन उघडा ठेवा, पाणी जाऊ द्या, कोरडी वाफ येऊ द्या, लाइनचं तापमान ठरलेल्या आकड्यावर येऊ द्या. घाईत ही पायरी गाळतात. लाइनमध्ये साठलेलं पाणी झोताबरोबर तापलेल्या नळीवर बंदुकीच्या छर्ऱ्यासारखं बसतं. एका जागी रोज बसलं तर नळी पातळ होते, आणि एक दिवस फुटते. झोताचा दाब आपल्या मनानं वाढवू नका.

क्रम गॅसच्या वाटेनं : आधी भट्टी, मग सुपरहीटर, मग इकॉनॉमायझर. एअर हीटर बहुतेक ठिकाणी सुरुवातीला आणि शेवटी असा दोनदा करतात, कारण पुढून झाडलेलं सगळं त्याच्याकडंच येतं. वॉल ब्लोअर झाल्यावर वाफेचं तापमान उतरेल, घाबरू नका. भट्टी स्वच्छ होऊन जास्त उष्णता घ्यायला लागली, एवढाच त्याचा अर्थ.

लांब लॅन्स आत अडकला तर वाफ बंद करू नका. आत गेलेल्या लॅन्सला तीच वाफ थंड ठेवते. ती तोडली तर काही मिनिटांत नळा वाकतो आणि मग तो बाहेरच येत नाही. वाफ चालू ठेवून हँडलनं मागं ओढा, पूर्ण बाहेर आला की मगच बंद करा. आणि काम संपल्यावर फेरी मारा. एखादा व्हॉल्व्ह नीट बसला नसेल तर बारीक झोत रात्रभर एकाच नळीवर पडत राहतो. कान देऊन ऐकलं तर कळतं.

चिकट थर काचेसारखा झाला असेल तर ब्लोअरचं काही चालत नाही. तिथं रात्री लोड उतरवून बघतात. थंड होताना नळी आणि थर कमी-जास्त आकसतात, थर तडकून सुटतो. वरिष्ठांच्या परवानगीनं आणि तळाशी कुणी उभं नाही याची खात्री करूनच, कारण मोठे तुकडे एकदम पडू शकतात. रसायनं विकणारे लोकही गेटवर येतात. मॅग्नेशियम किंवा केओलिनवाल्या पुडींचा काही इंधनांना उपयोग होतो. पण पंधरा दिवस घालून आणि पंधरा दिवस न घालता आकडे ताडून बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पायरी ७ : हॉपर

इथं थोडंच लिहितो, पण हे दोनदा वाचा. हॉपरमधली राख वरून राखाडी आणि थंड दिसते, आत ती कित्येक तास, कधी दिवसही, धगधगीत असते. तुंबलेला हॉपर खालून टोचला की ती पाण्यासारखी वाहत येते. पळायला वेळ मिळत नाही. माणसं यात गेली आहेत. तुंबलेला हॉपर एकट्यानं, परवाना नसताना, समोर उभं राहून कधीही टोचू नका, कुणी कितीही घाई केली तरी. तापलेल्या राखेवर किंवा क्लिंकरवर एकदम पाणीही ओतू नका. वाफेचा स्फोट होतो. हॉपर तुंबूच नये म्हणून राख वेळेवर ओढा, हॉपरची पातळी भट्टीच्या गळ्यापर्यंत येऊ देऊ नका.

एअर हीटरचं मगाशी राहिलं होतं. तिथं गॅस थंड झालेला असतो. फार थंड झाला तर गंधकाचं आम्ल ओलाव्यासारखं पत्र्यावर बसतं आणि राख त्यात कालवली जाते. देशी कोळशात गंधक कमी, तरी सुरुवातीच्या आणि कमी लोडच्या वेळी जपा. येणारी हवा वाफेनं गरम करायची सोय असेल तर ती वापरा.

पायरी ८ : बंद असताना

शटडाऊन म्हणजे बॉयलर स्वतः उघडून दाखवतो तो दिवस. लगेच झाडायला घेऊ नका. आधी बघा. आत जायचा परवाना, सगळ्या पंख्यांचे ब्रेकर बंद आणि कुलूप, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांहून जास्त, २४ व्होल्टचा दिवा, दारावर एक माणूस. वर लटकलेले क्लिंकर वरूनच पाडून घ्या, तोपर्यंत खाली कुणी नको. पाण्यानं धुवायचं ठरलं तर अर्धवट धुऊ नका. ओली राख सिमेंटसारखी बसते आणि आम्लानं नळी खाते. पूर्ण धुवा आणि लगेच आच देऊन वाळवा.

झाडण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो घ्या आणि थराचे नमुने काढा. एकच तुकडा न घेता नळीला चिकटलेला आतला थर वेगळा आणि बाहेरचा वेगळा. आतला थर पांढरा-पिवळसर, मिठासारखा असेल तर पोटॅश-सोडियमचा संशय घ्या. लालसर-काळा, काचेसारखा असेल तर लोह आणि हवेकडं बघा. नुसती करडी पावडर असेल तर ब्लोअर पोचत नाही, त्याची नोझल आणि कोन तपासा. प्रत्येक नमुना वेगळ्या पाकिटात घाला आणि पाकिटावर तारीख, नळीची ओळ, डावी की उजवी, आणि त्या महिन्यात कुठला कोळसा, किती बगॅस, किती पाचट जळलं ते लिहा. ती पाकिटं टूल रूमच्या कपाटात ठेवा आणि पुढच्या शटडाऊनला त्याच ओळीसमोर उभं राहून उघडा.